वलगावचे पानगे, अकोल्याकडचे रोडगे

आमच्या वऱ्हाडात ज्वारी मयून, उडवून घरात आली, खयं मोकयं झालं, का एक दिवस वावराले जेवू घालतेत. सालभर त्यानं आपल्याले खाऊ घातलं, एक दिवस आपन त्याले घालाचं, एवढी साधी गोष्ट. पन जेवू काय घालाचं, याच्यावर दोन गावाचं कधी जमलं नाई. गावं सोडा, दोन चुलीचं जमत नाई.

आमच्या वलगावात पानगे. पयसाचं पान घ्याचं, त्याच्यावर कनकीचा चपटा थापलेला गोया, वरून दुसरं पान, आन ठेवाचं गवऱ्याच्या इस्त्यावर. पान जयते, धूर डोयात जाते, आन पानगा निंगते तवा त्याच्यावर पानाच्या साऱ्या शिरा उमटलेल्या असतेत, म्हाताऱ्या मानसाच्या हातावर असतेत तशा. लहानपनी मले वाटे का पानगे पयसाच्या झाडालेच लागतेत. लहानपनी म्हनतो, पन खरं सांगाचं तर बारा वर्षाचा होईलोग वाटत होतं. शायेत गेलो असतो तर कोनी सांगितलं असतं. शायेत मी एकच दिवस गेलो. मास्तरनं नाव इचारलं, मी घाबरून बापाचं सांगितलं. बाप दाखल झाला, मी घरी आलो.

आमी भाजीपाला पिकवनारे. माय वांगे, मेथी, झेंडूचे फुलं घेऊन अमरावतीले जाये, मी टोपली उचलाले मागं. बाजारात तवा नवा किलो आला होता, पन माय शेरानंच देये. म्हने, वांग्याले किलो समजत नाई. सनावाराले त्या घरोघरच्या बाया ओट्यावर बसवून माह्या हातावर काई ना काई ठेवत. भटजीच्या घरी पुरन, त्यात जायफय. वकिलाच्या घरी वांग्याचं भरीत आन देवापुढं ठेवलेला एवढुसा रोडगा, सुपारीएवढा. भटजीच्या घरी कांदा नाई. वकिलाच्या घरी कांदा हाये, पन बाहेर सांगाचं नाई. असं खाऊन खाऊन मले वाटाले लागलं का आपल्याले खान्यातलं सारं समजते. मानूस अडानी असला तरी चालते, अडानी असून पोट भरलेला असला का घात होते.

माह्यं लगन झालं अकोल्याकडल्या पोरीशी. अकोल्याच्या टेसनापासून बैलगाडीनं दोन घंटे, खारपानाचा मुलूख. जमीन काईभोर, हात लावला तर मऊ, पन हिरीचं पानी खारट. त्याच्यात डाय शिजत नाई. गोड पानी दूरच्या झिऱ्यावरून पिपात भरून गाडीवर आनाचं. तिकडे वावराले रोडगे घालतेत. रोडगा म्हंजे कनकीच्या लहान लहान पुऱ्या, एकेकीले तेल लावून एकावर एक ठेवाच्या, त्यावर कनकीचीच खोय चढवाची आन मुठीएवढा गोया करून इस्त्यात पुराचा. आतलोग आच पोचली पायजे. पानग्यासारखं नाई, का इकडून ठेवला आन तिकडून काढला.

लगनानंतरच्या पयल्या माघात माह्या मायले ती म्हने, "आत्याबाई, आमच्याकडे या दिवशी रोडगे असतेत. पाच करू का?"

"कर ना," माय म्हने. "वावराचं पोट काई आपल्याएवढं नाई."

तिनं पाच केले, इस्त्याच्या एका कडेले पुरले आन भाजीपाशी गेली. जेवाच्या टाइमाले पाचही आतून कच्चे निंगाले. काहून कच्चे रायले हे कोनी इचारलं नाई. मी तर उलटा खुश झालो. सारे भाऊबंद पंगतीले बसले होते. मी एक रोडगा उचलला, हातावर तोलला आन म्हनलं, "हा कायले खाता? गोफनीत घाला. एका फेकीत वावरातले सारे पाखरं चांदूरबजारले जाऊन पडतीन."

सारे हासले. माह्या काकाले ठसका लागला, त्याच्या पाठीवर बुक्क्या माराव्या लागल्या. मले अजून चेव आला. म्हनलं, "मारोतीनं डोंगर उचलला होता, पन हे नाई उचलाचं त्याच्यानं."

तिनं पाचही रोडगे पदरात घेतले आन बैलापुढं नेऊन ठेवले. बैलानं मुकाट्यानं खाल्ले. त्या दिवशी वावरात जितके तोंडं होते, त्यातले शायने ते बैलच.

पुढं ती बायतपनाले माहेरी गेली. पोयाच्या आगेमागे लेक झाली. दिवाई झाली, थंडी पडली, तिकडून निरोप येत रायले. लेकराले सर्दी हाये. लेकराचे कान टोचाचे हायेत. आता आंग बरं नाई. मी म्हनत होतो, थंडी हाये बाप्पा, होते. मंग तिकडचा एक कापसाचा गाडीवाला अमरावतीच्या बाजारात भेटला. चहा पेता पेता म्हने, "पावने, तुमची बायको येत नाई. ती म्हनते, पाच रोडग्यासाठी मले चार लोकात हासले, त्या घरी लेक कशी वाढवू."

मायले सांगितलं. माय मेथीच्या जुड्या बांधत होती. वर बी नाई पायलं. म्हने, "तोंडानं घालवली, आता पायानं जाऊन घेऊन ये."

बडनेऱ्याले गाडी धरली. माघाचा महिना, बाहेर सारं धुकं. झाडं दिसत अन् विरत. मधातच कापसाचं एखादं वावर पांढरं होऊन समोर ये, मंग ते बी धुक्यात जाये, तवा मले समजे नाई का कापूस संपला का धुकं सुरू झालं. मुर्तिजापूरलोग मी ठरवून राहिलो होतो तिले काय म्हनाचं ते. वाक्य करो, तर ते मजाकीचंच निंगे. दुसरं करो, ते बी तसंच. जशी जिभेले दुसरी वाटच माईत नाई. मंग डोया लागला, आन जागा झालो तवा अकोलं आलं होतं आन माह्यापाशी एकही वाक्य नव्हतं. वलगावच्या वांग्याची थैली तेवढी होती.

सासरा आंगनात दोर वयत बसला होता.

"या जवाईबापू. गाडी भेटली?"

"भेटली मामाजी. मी बसलो हे तिले समजलं, म्हनून घंटाभर उशिरा आली."

कोनी हासलं नाई. सासूनं थैलीतलं एक वांगं काढून दाबून पायलं. म्हने, "पान्याचे वांगे हे. फुगलेले. आमच्याकडचे लहान असतेत, पन त्याले चव असते."

"मामीजी, वांग्यावर गेलं तर जवाई बी फुगलेलाच हाये."

"ते दिसूनच राहिलं," ती म्हने.

बायकोनं पान्याचा गडवा आनून ठेवला. पायापाशी ठेवला आन गेली. आतून लेकराचा आवाज आला, आन तिचा, त्याले काईतरी हळू सांगत असलेला. मी तो आवाज सात-आठ महिन्यानं ऐकत होतो. गडवा हातात धरून बसून रायलो, प्यायचं राहूनच गेलं.

सासरा म्हने, "उद्या वावरात रोडगे हायेत. आमच्यात रीत हाये. त्या साली ज्याले लेकरू झालं, त्या बापानं इस्तो राखाचा. कनीक आमी भिजवू. रोडगे पुराचे अन् काढाचे ते तुमी."

"मामाजी, इस्त्यापाशीच माहा जलम गेला."

"पानग्याच्या इस्त्यापाशी," माहा साळा म्हने. तो माह्यापेक्षा मोठा, पन फार बोले नाई, बोलला का सरळ लागे.

"इस्तो तो इस्तोच, भाऊ."

"बरं."

सासऱ्यानं दोराले पीळ देल्ला. "आन पोरीचं म्हनाल, तर मी तिले बांधून नाई ठेवली. धाडत बी नाई, अडवत बी नाई. याचं का नाई, ते तिचं ती उद्या सांगीन."

दुसऱ्या दिवशी सकाई वावरात गेलो तर वावरच नव्हतं, सारं धुकं. लिंबाखालचा शेंदराचा मारोती तेवढा दिसे, जसं कोनी धुक्याले कुंकू लावलं. हयू हयू ऊन आलं आन धुक्यातून एकेक मानूस निंगाला. कोनी कनीक भिजवत होतं, कोनी गवऱ्या रचत होतं. त्यांच्याकडे हे काम गडी मानसं करतेत. बाया फक्त वरन आन वांग्याची भाजी. ते कनकीत ओवा टाकतेत, आमी टाकत नाई. ते वांगं देठासकट ठेवतेत, आमी देठ काढतो. त्यांचं वरन पातयं, आमचं घट्ट. मी हे सारं पाहून राहिलो होतो आन मनात हासून राहिलो होतो, का हे लोकं किती चुकीचे हायेत.

गवऱ्या जयून लाल इस्तो झाला. मी चाळीस-पन्नास रोडगे त्याच्यात मांडले, वरून गरम राख लोटली. साळा जाता जाता म्हने, "भाऊजी, लिंबाची सावली त्या बांधावर, धुऱ्यावर, जाईलोग हात लावाचा नाई."

"मले नका सांगू."

मंग काई काम उरलं नाई. राखेची ऊब पोटाले लागत होती, पाठीले ऊन. मी कडब्याच्या पेंढीले टेकलो. धूर सरळ वर जात होता, मधातच वाकत होता, परत सरळ होत होता. मले दिसलं का आमच्या वलगावच्या पयसाले पानगे लागले हायेत, वाऱ्यानं हालून राहिले, आन झाडाखाली माहा बाप पाटी घेऊन बसला हाये, मास्तर त्याले पाढे इचारून राहिला. बाप माह्याकडे पाहून म्हने, सांग ना बे. मले सांगता येत नव्हतं.

जागा झालो तो भाजीच्या वासानं. वाटलं, किती टाइम झाला बाप्पा, इतक्यात पानग्याचा तर कोयसा झाला असता. सावली कोठी हाये ते पायलंच नाई. काडी घेतली आन सारे रोडगे भराभर बाहेर काढले, धोतराच्या सोग्यानं राख पुसली, ओळीनं मांडले. वरून बदामी, गोल, साजरे. मी मिशीले ताव देल्ला. मिशी तवा नवीनच होती.

सासऱ्यानं पयला रोडगा मारोतीपुढं नेला आन अंगठ्यानं फोडला. आतून पांढरी कनीक निंगाली. बोटाले चिकटली, लांबली, तारेसारखी. त्यानं दुसरा फोडला. तिसरा.

कोनी हासलं नाई. हासले असते तर बरं झालं असतं. इकडे-तिकडे दहा-पंधरा लेकरं पानं मांडून बसले होते, म्हातारे बसले होते, सारे माह्याकडे पाहून राहिले होते.

"देवाले कच्चं दाखवलं," सासरा म्हने. आवाज चढवला नाई. "आता दुसरे होईलोग कोनी तोंडात घास घालाचा नाई. काढलेले बैलाले टाका. कनीक भिजवा."

साळा परात घेऊन बसला. म्हने, "भाऊजी, आमच्या आज्याच्या टाइमापासून हे होऊन राहिलं. मारोतीले उपाशी बसवनारे तुमी पयले."

परत गवऱ्या रचल्या, परत इस्तो झाला, परत मीच रोडगे पुरले, काहून का रीत होती. सारे लोकं लिंबाखाली जाऊन बसले. लेकरं कुरकुर करत होते, त्यायच्या माया त्यायले ज्वारीची पेंढी दाखवून रमवत होत्या. माह्यापाशी कोनी फिरकलं नाई.

मंग ती आली. लेक खांद्यावर. इस्त्याच्या पलीकडं बसली. मधात धूर, धुरात तिचं तोंड हाले.

"झोपले होते?"

"डोया लागला."

"मागच्या साली तर जागेच होते."

"मागच्या सालचं काय?"

"मागच्या साली माहे रोडगे इस्त्यातून कोनी काढले?"

"तूच."

"मी भाजीपाशी होती," ती म्हने. "तुमी काडी घेऊन आले. मी तथूनच म्हनलं, राहू द्या अजून. तुमी म्हनलं, पानगे होऊन गेले, यायले काय नऊ महिने लागतेत का. आन काढले."

मी धुराकडे पाहत रायलो. जसं पान्याच्या तळातून भांडं वर येते, तसं ते हयू हयू वर आलं. काडी. माह्या हातातली काडी, टोकाले जयलेली. पानगे ओळीनं मांडलेले, मले भूक लागलेली. पाच रोडगे राखेतून बाहेर येत असलेले, एकामागं एक. आन तिचा आवाज, दुरून, राहू द्या ना. खरं होतं. मी तो दिवस सालभर लोकायले सांगून हासवत होतो, आन त्या दिवसातला माहा हातच मी इसरून गेलो होतो.

"तवाच काहून नाई सांगितलं?"

"कोठी सांगू? सारे हासून राहिले होते. तुमच्या काकाले ठसका लागला होता."

लेक तिच्या खांद्यावरून धुराकडे पाहून राहिली होती, डोये न मिटवता.

"मंग येत नाईस का तू?"

"मले वलगावात याले लाज नाई वाटत," ती म्हने. "मी तर सहन करीन. पन उद्या हिच्या हातचं काई बिघडीन. नाई तर तुमीच बिघडवसान, आन हासतीन हिले. त्या घरी मी हिले नाई नेत."

"मी काय करू, सांग."

"आता इस्त्याकडे पाहा."

पायलं. आयुष्यात मी इतका टाइम कोन्याच गोष्टीकडे पायलं नसन. राख वरून पांढरी, आत लाल, वारा आला का लाल वर ये आन परत झोपी जाये. सावली धुऱ्याकडे सरकत होती, इतकी हयू का सरकताना दिसे नाई, फक्त सरकलेली दिसे. दूर कोनी बैलाले हाका मारत होतं, तो आवाज आपल्यापाशी येईलोग जुना होऊन येत होता. मले दोन-तीनदा बोलायची उबळ आली. गिळली. ती तथीच बसून होती. एकदा तिनं लहान काडी उचलून माह्याकडे फेकली. म्हने, "वाजवून पाहा. कच्चा असला तर भद वाजते. झाला का पोकय वाजते."

वाजवलं. भद. 

परत किती तरी टाइमानं वाजवलं. भद.

सावली धुरा वलांडून पलीकडे गेली. वाजवलं, तर आतून आवाज आला, रिकाम्या डेऱ्यावर बोट मारल्यासारखा. मी तिच्याकडे पायलं. तिनं मान हालवली. तवा काढले.

सासऱ्यानं रोडगा फोडला. पदरामागं पदर सुटा झाला, कमयाच्या पाकया सुटतेत तसा, आन वाफ निंगाली. मारोतीले दाखवला. वावराच्या चारी कोनाले तुकडा टाकला. मंग सारे पंगतीले बसले, कोनी कोनाशी बोलत नव्हतं, भूकच तेवढी होती. बायको तुपाचा गडवा घेऊन वाढाले निंगाली.

मी माह्या पानावरून उठलो. म्हनलं, "मामाजी, आदुगर एक सांगाचं हाये. मागच्या साली वलगावात एक गोफनवाला होता, त्याच्या हातात एक काडी होती, आन त्याच्या डोक्यात..."

दोन-चार जन हासाले लागले. माह्या आंगात बरं वाटलं. पुढं काय म्हनाचं ते जिभेवर आलंच होतं.

"हासवून नका सांगू," ती म्हने. पंगतीच्या मधात उभी, गडवा हातात. "साधं सांगा."

साधं. मी उभा रायलो. इतके लोकं, आन मले साधं बोलाचं होतं. पाय कोठी ठेवाचे समजे नाई.

"मागच्या साली हिचे रोडगे मी कच्चे काढले," म्हनलं. "हिनं राहू द्या म्हनलं होतं. मंग मी लोकायपुढं हिलेच हासलो."

एवढंच. कोनी हासलं नाई, आन या खेपेस मी कोनी हासावं म्हनून वाट बी नाई पायली.

"हे अथी सांगितलं," सासरा म्हने. "वलगावात?"

"सांगीन."

"कोनाले?" ते तिनं इचारलं.

"मायले. काकाले. जे जे हासले होते त्या साऱ्यायले. एकेकाच्या घरी जाऊन."

"असंच? साधं?"

"साधं."

ती पंगतीत वाढत पुढं गेली. म्हाताऱ्याले वाढलं, लेकरायले वाढलं. साळा म्हने, "भाऊजी, बसा आता. तुमच्यामुये दोन घंटे उपाशी बसलो, अजून उभं राहून उपाशी मारू नका." मी बसलो. रोडगा कुस्करला, वरन घेतलं, खाल्लं नाई.

वाढत वाढत ती बापापाशी पोचली. त्याच्या पानात तूप सोडता सोडता म्हने, "बाबा, सकाईची गाडी अकोल्यावरून किती वाजता असते?"

सासऱ्यानं घास थांबवला. "गाडी आठले. अथून दिवस निंगाच्या आदी जुपावं लागते."

"लेकरू हाये. गाडीत कडबा जास्त टाका मंग."

"टाकतो."

मंग ती माह्या पानापाशी आली. वाकली, माह्या रोडग्याच्या मधात बोटानं खड्डा केला आन गडवा तिरपा केला. तूप ओतत रायली. खड्डा भरला, काठावरून निंगालं, वरनात गेलं, पानाच्या कडेलोग आलं. मी बस म्हनलं नाई, तिनं बी हात आखडला नाई.

"खा," म्हने. "गार झाला का चव जाते."